शिळेवरचे पाच शब्द

मेहुणा नावाच्या माणसाला बहिणीच्या घरी आल्यावर काहीतरी खोट काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तपासनिसांचा मेहुणा तर या विषयात पदवीधर होता. आल्या आल्या त्याने पंखा कुरकुरतो हे सांगितले, दार खाली घासते हे सांगितले, मग ताई वाळली आहे असे म्हणून दाजींकडे रोखून पाहिले. तपासनिसांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, तुम्हाला आमचं स्मारक दाखवतो." जगात एक तरी गोष्ट अशी आहे की जिच्यात खोट निघणार नाही, हे त्यांना एकदा मेहुण्याला दाखवायचेच होते.

आणि खरोखर, चौकातल्या त्या स्मारकापुढे भल्याभल्यांचे तोंड बंद होई. काळ्या दगडाचा तीन मजली खांब, आणि त्याच्या टोकाला वखारवाले. पुतळे सहसा दूर कुठेतरी बघतात, आपल्याशी त्यांचे काही देणेघेणे नसते. वखारवाले मात्र कमरेत वाकून खाली बघत उभे होते, हातात पाण्याचे भांडे कलते धरून. चौकात कुठेही उभे राहा, ते आपल्याकडेच बघून ओतताहेत असे वाटायचे. खांबाच्या पायथ्याशी चार तोट्या होत्या. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पाच कोसांवरून त्या माणसाने स्वतःची लाकडाची वखार विकून, अकरा वर्षे खपून गावात आणले, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत त्या तोट्या आटलेल्या नाहीत. तपासनीस लहानपणापासून रोज तिथून जात. रोज मान वर करत. साठ-पासष्ट वर्षांत एकदाही त्यांना ते सवयीचे झाले नव्हते.

मेहुण्यानेही मान वर केली. ती बराच वेळ तशीच राहिली. तपासनीस मनातून सुखावले. मग मेहुण्याची नजर खाली उतरली, खांबावर बसवलेल्या शिळेवर आली, आणि त्याने वखारवाल्यांच्या नावाखालचे पाच शब्द मोठ्याने वाचले.

"ह्यांनी साऱ्या गावाला पाणी पाजले."

आणि तो हसू लागला. इतका हसला की तोटीला धरून खाली बसला.

"दाजी, ह्या माणसानं अख्ख्या गावाला पाणी पाजलं, आणि तुम्ही हरलेल्यांनी वर त्याचं स्मारक बांधलंत? आमच्याकडं हरलेली माणसं निदान तोंड तरी लपवतात हो!"

तपासनीस जागच्या जागी थिजले. इथे हे सांगितले पाहिजे की त्यांनी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम केले होते. म्हणून तर गाव त्यांना तपासनीस म्हणे. तीनेकशे पुस्तके त्यांच्या नजरेखालून गेली, पण एखादी वेलांटी निसटली असे कोणी सांगावे! लग्नाआधी बायकोने पाठवलेले पहिले पत्र त्यांनी तपासून परत पाठवले होते, आणि तरीही तिने त्यांच्याशी लग्न केले याचे गावाला आजही नवल वाटते. असा माणूस साठ-पासष्ट वर्षे रोज ते पाच शब्द वाचत होता. आणि पाणी पाजणे म्हणजे लोळवणे, चारी मुंड्या चीत करणे, हे त्याच्या एकदाही ध्यानात आले नव्हते. आले ते मेहुण्याच्या. ज्याने आयुष्यभर 'आशीर्वाद' हा शब्द चुकीचा लिहिला, त्या मेहुण्याच्या.

"मी ते बदलून घेतो," तपासनीस घरी येऊन म्हणाले.

"अहो, शंभर वर्षं कुणाचं काही अडलं नाही," बायको म्हणाली. "तुमचंच कसं अडलं?"

"इतक्या मोठ्या माणसाच्या नावाखाली चूक! लाज वाटते मला."

शेजारचे ओव्हरसियर कुंपणावर हात ठेवून ऐकतच होते. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते आणि कोणतेही काम आठ दिवसांत होते असे त्यांचे ठाम मत होते. अनुभव वेगळा असला तरी मत ठामच होते. "साधा अर्ज करा," ते म्हणाले. "एक शब्द तर बदलायचा. आठ दिवस."

तपासनिसांनी नगरपालिकेत अर्ज केला. पहिला अर्ज बांधकाम विभागाने परत पाठवला, कारण दगड त्यांचा असला तरी स्मारकाभोवती हिरवळ असल्याने ते उद्यान विभागाकडे होते. उद्यान विभागाने कळवले की हिरवळ आमची, पण तोट्या पाणी विभागाच्या. पाणी विभागातला माणूस भला होता. त्याने सगळा अर्ज शांतपणे वाचला आणि म्हणाला, "काका, दगड त्यांचा, गवत त्यांचं, पाणी आमचं. पण तुमची तक्रार शब्दांची आहे. शब्द कुठल्याच खात्यात येत नाहीत." तपासनीस बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चाळीस वर्षे आपण ज्यासाठी डोळे फोडले ती वस्तू कोणत्याच खात्यात येत नाही, हे पचायला त्यांना थोडा वेळ लागला.

शेवटी प्रकरण हेडक्लार्ककडे गेले. हेडक्लार्क हा फार शांत माणूस. त्याच्या टेबलावरून एखादा कागद उठला तर आजूबाजूचे कारकून मान वर करून बघत. त्याने अर्ज उलटासुलटा पाहिला आणि विचारले, "पाजले नको. मग काय हवं?"

"पाणी दिले," तपासनीस म्हणाले.

"हं. यावर उपसमिती नेमावी लागेल."

पाच महिन्यांनी उपसमिती बसली. अध्यक्ष होते, आरोग्य निरीक्षक होते, जुन्या कामांचे जाणकार म्हणून ओव्हरसियर होते, हेडक्लार्क लिहून घ्यायला होता आणि तपासनीस अर्जदार म्हणून कोपऱ्यात होते. चहा आला. अध्यक्षांनी 'पाणी दिले' वाचले.

"पाणी झाडाला देतात," ओव्हरसियर म्हणाले. "गाव काय कुंडीत लावलंय?"

"बरं, पाणी आणले," अध्यक्ष म्हणाले.

"पोरं खडूनं आधी 'डोळ्यांत' लिहून ठेवतील," आरोग्य निरीक्षक म्हणाले.

"मग पाणी सोडले म्हणा."

"गावावर पाणी सोडलं? म्हणजे गाव गेलं असं समजून?"

"पाणी दाखवले?"

"ते भांडणात दाखवतात."

"पोहोचवले!"

"कुठपर्यंत? गळ्यापर्यंत?"

"खेळवले," अध्यक्ष आता घायकुतीला आले होते.

"खेळवणं हे आमच्या पाणी विभागाचं काम आहे, साहेब," हेडक्लार्क न हसता म्हणाला. "आज येईल, उद्या येईल."

तपासनीस थक्क होऊन ऐकत होते. पाण्यासारखी साधी वस्तू, पण मराठीत तिला हात लावावा तर कुणाची ना कुणाची फजिती ठरलेली. अखेर दोन तासांनी सर्वानुमते मजकूर ठरला तो असा: 'ह्यांच्या अथक प्रयत्नांतून गावास शुद्ध पेयजल उपलब्ध झाले.' त्यातही 'शुद्ध'ला आरोग्य निरीक्षकांनी हरकत घेतली. प्रयोगशाळेचा दाखला असल्याशिवाय आपण शुद्ध म्हणू शकत नाही, असे ते म्हणाले. 'शुद्ध' गेले. वखारवाल्यांसारख्या माणसाला हे वाक्य फार सपक आहे असे तपासनिसांना वाटले, पण त्यात व्याकरणाची चूक नव्हती आणि कोणी हसणार नव्हते. त्यांनी मान डोलावली.

मग हेडक्लार्कने चष्मा पुसला. "नियमाप्रमाणे सार्वजनिक मजकुराखाली जबाबदार व्यक्तीचं नाव लागतं. उद्या पुन्हा चूक निघाली तर धरायला कुणीतरी हवं. तर खाली बारीक अक्षरांत 'मजकूर तपासला' म्हणून तुमचं नाव कोरू."

तपासनिसांना क्षणभर ऐकूच आले नाही. तीनशे पुस्तकांत लेखकाचे नाव होते, प्रकाशकाचे होते, मुद्रकाचे होते, बांधणी कोणी केली तेही होते. तपासनिसाचे एकातही नव्हते. त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते, पण प्रत्येक नवे पुस्तक हाती आले की ते आधी दुसरे पान उघडून बघत असत, उगाचच. आणि आता दगडावर! वखारवाल्यांच्या पायाशी!

घरी येऊन त्यांनी एका कोऱ्या कागदावर आपले नाव लिहून पाहिले. आधी मोठे, मग लहान, मग त्याहून लहान. बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने कागद पाहिला, थट्टा करायला तोंड उघडले, आणि मग तशीच चहा ठेवायला गेली. ओव्हरसियरांनी ही बातमी अर्ध्या गावाला सांगितली आणि उरलेल्या अर्ध्याला तपासनीस स्वतः भेटले.

काम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी हेडक्लार्कचा निरोप आला. फाइलमध्ये एक कागद कमी होता. जो मजकूर रद्द करायचा तो आधी कधीतरी मंजूर झाला होता, याचा पुरावा. "मंजूरच झाला नसेल तर रद्द कसा करणार?" हेडक्लार्क म्हणाला. त्याने किल्ली पुढे सरकवली. "दप्तरखान्यात असेल. तुम्हीच बघा, तुमची नजर चांगली आहे. पाथरवट तोवर चौकात पोहोचला असेल. त्याचा हुकूम बांधकाम विभागातून निघतो, त्याचा आमच्या फाइलशी संबंध नाही."

दप्तरखाना म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. कपाटे छताला टेकलेली, आणि खालचे गठ्ठे वरच्या गठ्ठ्यांच्या ओझ्याने वाळल्या पानासारखे झालेले. तपासनीस तासभर शिंकले आणि मग त्यांना गठ्ठा सापडला.

सगळ्यात वर एका जुन्या सभेचे इतिवृत्त होते. वखारवाल्यांनी नळ टाकायला परवानगी मागितली होती, आणि पंचांनी ती दिलीही होती, पण काय शब्दांत! 'डोंगरातले पाणी गावात येणे नाही. सदर गृहस्थ साऱ्या गावाला पाणी पाजण्याच्या गोष्टी करतात. त्यांना खुशाल पाजू द्यावे.' समासात कोणीतरी लिहिले होते: 'सभेत हशा.'

तपासनिसांनी ते दोन शब्द पुन्हा वाचले.

त्याखाली शिळेच्या मजकुराचा कच्चा कागद होता. गोल, ठसठशीत अक्षरात वखारवाल्यांचे नाव आणि खाली ते पाच शब्द. पण कागद खुद्द वखारवाल्यांकडे पाहायला पाठवलेला दिसत होता, कारण दुसऱ्या शाईने, थरथरत्या बारीक अक्षरात, त्यावर दुरुस्ती केलेली होती. नाव खोडले होते. पाचही शब्द खोडले होते. समासात लिहिले होते: 'पाणी आले. इतके पुरे. नाव नको. मी कोणाला हरवलेले नाही.' खाली सही.

आणि खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली, नावाखालीसुद्धा, कोणीतरी बारीक टिंबे दिली होती.

ही टिंबे म्हणजे काय हे त्या गावात तपासनिसांएवढे कोणालाच कळले नसते. छापखान्यात एखादी दुरुस्ती रद्द करायची असेल तर खोडलेल्या शब्दाखाली अशीच टिंबे देतात. त्याचा अर्थ, खोडणाऱ्याचे ऐकू नका. शेजारी लिहिलेही होते: 'आहे तसेच ठेवावे. आम्ही त्यांना हसलो होतो. आम्ही हरलो, हे दगडावर राहू द्यावे.' त्याखाली सह्या. पहिली सही इतिवृत्तावर होती तीच, त्याच पंचाची. मग आणखी सह्या, मग अंगठे. पान भरले होते म्हणून मागे अंगठे, मागची बाजू भरली म्हणून टाचणीने जोडलेली पाने, आणि त्यांवर अंगठेच अंगठे, लहानमोठे, बायकांचे नीट ओळीत, पुरुषांचे वाकडेतिकडे. सगळे गाव.

तपासनिसांनी पाने पुन्हा पहिल्यापासून उलटली. चाळीस वर्षांत त्यांनी अशी टिंबे दहा-बारा वेळा दिली असतील, तीही एखादा लेखक हटून बसला म्हणून, नाइलाजाने. एक माणूस स्वतःचे नाव पुसायला निघाला आहे आणि ज्यांना त्याने हरवले तेच लोक त्याचा हात धरताहेत, आमची हार पुसू नका म्हणताहेत, असे त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते. त्या पाच शब्दांत चूक नव्हती. ज्यांनी लिहिले त्यांना दोन्ही अर्थ पक्के ठाऊक होते. वेडे आपण.

मग त्यांना पाथरवटाची आठवण झाली.

सत्तरीला टेकलेला माणूस पळतो तेव्हा तो चालण्यापेक्षा फारसा वेगात जात नाही, फक्त लोकांचे लक्ष जास्त वेधतो. कागदांचा गठ्ठा छातीशी धरून, केसांत जळमटे, अंगभर धूळ अशा अवतारात तपासनीस भर बाजारातून निघाले. ओव्हरसियर वाटेत भेटले. "अहो, नाव कोरायला आठ दिवस आहेत, एवढी घाई कसली?" असे म्हणत तेही मागे धावू लागले, आणि दोन म्हातारे धावताहेत म्हटल्यावर आणखी दहा-वीस माणसे निघाली.

चौकात खांबाला बांबूंचा पहाड बांधला होता. त्यावर पाथरवट शिळेसमोर मांडी घालून बसला होता. छिन्नी आणि हातोडा बाजूला ठेवलेले.

"थांबा!" तपासनीस खालून ओरडले.

"थांबलोयच की," पाथरवट म्हणाला. "सकाळपासून बसलोय. वर या, दाखवतो."

तपासनीस पहाडावर चढले. कसे चढले हे त्यांना नंतर आठवले नाही. पाथरवटाने त्यांचे बोट धरून 'पाजले'च्या 'पा'मध्ये घातले. पेर पूर्ण आत गेले.

"एवढं खोल कुणी कोरत नाही, काका. हे पुसायचं तर चार बोटं दगड उतरवावा लागंल. ज्यानं कोरलं त्याला हे कधी पुसलं जाऊ नये असं वाटत हुतं. माझा हातच चालंना." त्याने उसासा सोडला. "पण हुकूम आहे. लेखी काही आणा. दुपारचा भोंगा होईस्तोवर थांबतो. मग मला करावंच लागंल."

तपासनिसांनी वर पाहिले. इतक्या जवळून त्यांनी वखारवाल्यांना कधी पाहिले नव्हते. ते खरोखर सरळ त्यांच्याकडेच बघत होते. खाली चौक भरला होता. ज्यांना ज्यांना त्यांनी आपले नाव दगडावर येणार म्हणून सांगितले होते ते सगळे वर बघत होते. आयुष्यात कधी कोणाला म्हटले नव्हते ते वाक्य म्हणायला त्यांचे ओठ दोनदा उघडले आणि मिटले.

"मी चुकलो!" ते ओरडले. "शिळा बरोबर आहे. चूक माझी आहे!"

ओव्हरसियरांनी सवयीने "आठ दिवसांत..." एवढे म्हटले आणि तपासनिसांना उतरवायला हात पुढे केला.

कार्यालयात पोहोचेपर्यंत भोंग्याला वीस मिनिटे उरली होती. हेडक्लार्कने त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि खणातून एक छापील नमुना काढला. अर्ज मागे घेण्याचा नमुना.

"मागे घेतलात तर तुमचं नाव येणार नाही, बरं का. शिळेला हातच लागणार नाही म्हटल्यावर नाव कुठं टाकणार?"

"कळलं," तपासनीस म्हणाले. त्यांना वाईट वाटले. वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल. पण खोडलेल्या नावाखालची ती टिंबे अजून डोळ्यांसमोर होती, आणि त्या नावाच्या शेजारी आपले नाव लावायची त्यांना आता छातीच होईना.

नमुन्यात 'कारण' म्हणून एक रकाना होता. एका ओळीचा. तपासनिसांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये तपासली होती, स्वतःचे असे एक वाक्य लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते मिनिटभर थांबले. मग लिहिले: 'वखारवाल्यांनी अर्जदारास पाणी पाजले.'

हेडक्लार्कने वाचले. "कधी?"

"आज. सकाळी अकराच्या सुमारास."

"त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली."

"हो. तरीसुद्धा."

हेडक्लार्कने चष्मा नीट बसवला. त्याने गठ्ठा पुढे ओढला. इतिवृत्त वाचले. मग तो कच्चा कागद उचलून उजेडाशी धरला, मागची बाजू पाहिली, टाचलेले एकेक पान उलटले. अंगठ्यांवरून त्याचे बोट हळूहळू फिरत गेले. शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर करून बघू लागला. भिंतीवरच्या घड्याळात भोंग्याला सात मिनिटे उरली होती, पण तपासनिसांनी घाई केली नाही.

मग हेडक्लार्कने पेन उचलले आणि तपासनिसांच्या वाक्यात दुरुस्ती केली. 'अर्जदारास' या शब्दापुढे खूण करून वर बारीक अक्षरात लिहिले: 'व या कार्यालयासही'. खाली सही केली, शिक्का मारला आणि स्वतः खुर्चीतून उठून तो कागद त्यांच्या हातात दिला.

भोंगा अजून व्हायचा होता. चौकाकडे निघालेल्या तपासनिसांनी जिना उतरता उतरता तो दोनदा वाचला. कुठेही चूक नव्हती.